अ‍ॅन्झॅक कोव्हच्या त्या शिळेबद्दल थोडे अजून

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैन्य (अ‍ॅन्झॅक) तुर्कस्तानच्या गल्लीपोली द्वीपकल्पावर ज्या खाडीत उतरले, त्या अ‍ॅन्झॅक कोव्हवरचा तुमचा लेख आवडला, पण एक गोष्ट राहिली. ‘शत्रूच्या मातांनो, अश्रू पुसा, तुमची मुले आता आमचीही झाली’ अशा आशयाचे, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांचे शब्द १९३४ सालचे म्हणून तुम्ही सरळ देऊन टाकलेत. त्या वर्षीचा कागद कुणालाच सापडलेला नाही. हे शब्द छापून आले ते १९५३ मध्ये, त्यांचे जुने गृहमंत्री शुक्रू काया यांच्या मुलाखतीत. तोवर अतातुर्क जाऊन पंधरा वर्षे झाली होती. गल्लीपोलीच्या किनाऱ्यावर हे शब्द कोरलेली ती शिळा उभी राहिली १९८५ ला.

म्हणून ते स्मारक खोटे ठरते का? मला तरी नाही वाटत. त्याच वर्षी तुर्कांनी त्या खाडीला चढाई करून आलेल्यांचेच नाव अधिकृतपणे दिले. ज्या मोहिमेत त्यांचे स्वतःचे ८० हजारांवर सैनिक पडले, तिथल्या खाडीला! बदल्यात कॅनबेरात अतातुर्क यांचे स्मारक झाले, आणि १९९० मध्ये वेलिंग्टनजवळ ताराकेना बे इथेही. तो किनारा अ‍ॅन्झॅक कोव्हसारखा दिसतो म्हणून मुद्दाम निवडलेला.

या सगळ्या गळाभेटीत ब्रिटिशांच्या बाजूने तिथे लढलेली आपली, हिंदी सैन्यातली माणसे मात्र कुठेच नाहीत. शीख, गुरखे, आणि अ‍ॅन्झॅकच्या चढणीवर पाणी नि दारूगोळा वाहणारे खेचरवाले. त्यांचे स्मरण बघायचे तर द्वीपकल्पाच्या पार दक्षिण टोकाला, हेलेसच्या स्तंभापाशी जावे लागते. बहुतेक टूरवाले अ‍ॅन्झॅक दाखवून गाडी फिरवतात. जाणार असाल तर आधीच विचारून घ्या.