पोटरीवरचं वय

गेल्या रविवारपासून माझ्या डाव्या पोटरीवर ५४ लिहिलंय आणि ते जात नाही. साबण झाला, खोबरेल झालं, बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर झालं, आकडा नुसता फिकट होतोय आणि फिकट झाल्यावर जास्तच खरा वाटायला लागलाय. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं लागोपाठ करायच्या शर्यतीत, कुठं कुठं असं पोटरीवर वय लिहितात, मागून येणाऱ्याला कळावं की पुढचा आपल्या वयोगटातला आहे का, गाठायचा का सोडून द्यायचा म्हणून. आता माझ्या मागून कोण येणार होतं ते सोडा. पण मी अजून त्रेपन्नचाच आहे हो! वाढदिवस डिसेंबरात. तरी नियम असा की वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय भरणार तेच धरायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी ॲडव्हान्स दिलं आणि ते काय, तर वय.

हे खूळ कुठनं आलं विचाराल तर कोल्हापुरातच राहता ना? गल्लीत फ्लेक्स लागतात की, आयर्नमॅन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली शुभेच्छुकांचे पासष्ट फोटो आणि वर कोपऱ्यात स्टॅम्पएवढा तो बिचारा आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० सायकल, ४२.२ पळायचं, सतरा तासांच्या आत. तेवढं आपल्याला झेपणारं नव्हतं म्हणून मी ऑलिम्पिक अंतरात नाव घातलं, दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल आणि दहा पळणं. पोहायला राजाराम तलाव. पोहण्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की बाहेर आलो. सायकलचं बरं गेलं, खड्डे सोडून.

पळायला लागलो आणि तिसऱ्या का चौथ्या किलोमीटरला मागनं रिकाम्या किटल्यांचा खडखडाट ऐकू आला. एम-एटीवर एक दूधवाले मामा, शहरातला रतीब घालून गावाकडं परत निघालेले. डोक्याला टॉवेल, दोन्ही कान मोडलेले, म्हणजे तालमीतला जुना माणूस. शेजारी आले आणि शेजारीच राहिले. आमचा वेग जुळत होता, हेच मला पहिल्यांदा लागलं.

"काय ओ सायेब, गाडी बंद पडली काय?"

"नाही मामा, रेस आहे."

त्यांनी पुढं बघितलं, मागं बघितलं. "कुणाबरूबर?"

मी दम गोळा करून सगळं सांगितलं, आधी पोहलो, मग चाळीस किलोमीटर सायकल मारली, आता दहा पळायचं. मामांना पोहण्याचं काही वाटलं नाही. सायकलचं वाटलं.

"सायकल हुती न्हवं तुमच्याजवळ? मग ती सोडून पळताय कशाला?"

याला काय उत्तर द्यायचं? कंबरेच्या पट्ट्यातनं एनर्जी जेल काढलं, तर ते काय आणि कितीला विचारलं. किंमत ऐकून एम-एटी जरा वाकडी गेली. "एवढ्यात म्हशीचं दोन लिटर येतंय की. गंगावेशीत हुभं ऱ्हावा, धार काढून गिलासात देत्यात, वर फेस."

"मामा, तुम्ही पुढं जावा. असं गाडीनं बरोबर यायचं नसतं, नियमात बसत नाही, मला बाद करतील."

"कोण करतंय बाद? हितं काळं कुत्रं न्हाई!"

खरं होतं ते. मग बक्षिसाचा विषय निघाला. गदा असते का म्हणाले. मेडल असतं म्हटलं. "पयल्याला?" नाही मामा, जो पूर्ण करेल त्या प्रत्येकाला. यावर बराच वेळ नुसत्या किटल्या वाजत होत्या. "सगळ्यास्नीच दिल्यावर पडला कोण म्हनायचं?"

मग नजर पोटरीवर गेली. "आन ह्ये चोपन काय? नंबर?"

"वय."

"आसू दे," मामा म्हणाले. एवढंच. दुःखाच्या घरी म्हणतात तसं. वर स्वतःचं बहात्तर आहे हे न विचारता सांगितलं, आणि मांडी अशी थोपटली की मला ऐकू आली.

मी जरा चिडूनच म्हटलं की माझ्याही मागं लोक आहेत. तर म्हणे थांबा, बघून येतो. आणि हा माणूस खरंच गाडी वळवून बघायला गेला! तेवढ्यात पळून लांब जावं असा विचार केला, पण ते जमण्यासारखं असतं तर प्रश्नच नव्हता. आले परत. "हाय, एक जन हाय. पर त्यो टेम्पोत बसलाय, केळं खातोय. तुमालाबी या म्हनलाय."

यावरनं आठवलं, ही आयर्नमॅनची भानगड सुरू झाली तीसुद्धा अशाच गप्पांतनं. हवाईत खेळाडू मंडळी वाद घालत बसली होती, पोहणारा जास्त फिट का सायकलवाला का पळणारा, शेवटी एक नौदलातला अधिकारी म्हणाला तिन्ही एका दमात करून बघूया. १९७८ ला पंधराजण उतरले, बाराजणांनी पूर्ण केली. हाच वाद आपल्याकडं एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर झाला असता तर दोन गट पडले असते, मिसळ मागवली असती आणि विषय तिथंच मिटला असता. माझा रविवार वाचला असता.

सरनोबतवाडीच्या फाट्याला मामा वळले. "सावकाश जावा," म्हणाले. सावकाश!

पुढचं हसण्यासारखं नाही. शेवटचं पाण्याचं स्टॉल बंद, टेबल उलटं करून ठेवलेलं. शर्यतीत पाणी खरं कुणाला लागतं, पावणेदोन तास उन्हात पळणाऱ्याला का चाळीस मिनिटांत संपवून घरी अंघोळीला गेलेल्याला? फी दोघांची एकच आहे. फिनिशला पोचलो तर हवेची कमान रस्त्यावर आडवी, एक पोरगं तिच्यावर बसून हवा काढतंय, टायमिंगची मॅट, जिच्यावर पाय पडला की पायातल्या चिपवरनं वेळ नोंदते ती, गुंडाळलेली. साडेचार तासांचा कट-ऑफ माहितीपत्रकात छापलाय, तो संपायला अजून वेळ होता, माझ्या हातात घड्याळ होतं. मेडल दिलं, खोक्यातनं शोधून. मॅटच नाही म्हटल्यावर पायातली चिप कशावर वाजणार? संध्याकाळी निकाल लागला, नावापुढं डीएनएफ. म्हणजे पूर्ण केली नाही. तो टेम्पोतला केळंवाला, त्याच्याही नावापुढं डीएनएफ. आम्ही दोघं एकाच मापात!

बायको म्हणते मेडल आहे ना, मग सोडा. का सोडा? पहाटे चारला उठून पोहायला ती गेलेली का? ईमेल केला, आकडेवारी तपासून कळवतो म्हणाले. पुन्हा केला, तर घड्याळाची फाइल पाठवा. पाठवली. त्यावर उत्तर आलं की शेवटचा भाग 'अत्यंत कमी वेगामुळे' सिस्टीमला चालणं वाटतोय, एखादा साक्षीदार आहे का. त्या मामांचं नाव विचारायचं राहिलं, नाहीतर किटल्यांसकट उभा केला असता.

निकाल अजून तसाच आहे. पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा मेसेज मात्र काल आला, जुन्या स्पर्धकांना दहा टक्के सूट, वयोगट ५५ ते ५९, नाव आधीच भरून.