तोंडाला मेण फासून

मुष्टियुद्धाच्या वर्गात मार खाण्याची माझी मानसिक तयारी होती. मार खाण्यापूर्वी प्रवचनही ऐकावे लागेल याची पूर्वसूचना मात्र कोणी दिली नव्हती. परवा सरावाच्या लढतीआधी प्रशिक्षकांनी माझ्या भुवयांवर, गालांच्या हाडांवर आणि नाकाच्या दांड्यावर व्हॅसलिनचा थर चढवला, आणि नेमके त्याच वेळी, नातवाला न्यायला आलेले कोल्हापूरकडचे एक वृद्ध पैलवान, ज्यांना तिथे सगळेच वस्ताद म्हणतात, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

“काय वो पाव्हणं, लग्नाला निघालाय काय?”

माझ्या तोंडात माऊथगार्ड होते आणि दोन्ही हात ग्लोव्हजमध्ये बांधलेले होते. उत्तर द्यायचे तर ग्लोव्हजच्या दोन टोकांत ते लाळेने माखलेले रबर पकडून बाहेर ओढावे लागे, आणि प्रत्येक वाक्यानंतर परत बसवावे लागे. तरीही मी ते काढले आणि सांगितले, की ग्लोव्हजचे कोरडे चामडे कातडीवर घासले की कातडी ओढली जाऊन फाटते. व्हॅसलिनची ही जेली लावलेली असली की ठोसा सरकून जातो.

“म्हंजे मार कमी बसतो?”

“नाही, मार तेवढाच बसतो. फक्त कातडी फाटत नाही.”

“मार तेवढाच बसतो,” असे वस्तादांनी मागे उभ्या असलेल्या पालकांना वळून सांगितले, आणि ते सगळे हसले.

लाल मातीत आयुष्य काढलेल्या माणसाला निसरडेपणा ही लबाडी वाटणार, हे मला समजते. कुस्तीत सलामी झाली की पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, ती घामामुळे पकड सुटू नये म्हणून. आखाड्यात तेल असते, पण ते हळद, ताक आणि लिंबाबरोबर मातीच्या पोटात मुरवलेले असते. “निसटायचंच हाय तर लढताय कशाला?” या प्रश्नावर मी भुवईचे शास्त्र काढले: तिथे पातळ कातडीच्या खाली लगेच हाड असते, जखम छोटी असली तरी रक्त थेट डोळ्यात उतरते, आणि दिसेनासे झालेल्या खेळाडूची लढत डॉक्टर थांबवतात. उदाहरण म्हणून मी २००३ सालची लॉस एंजेलिसमधील लेनॉक्स लुईस आणि व्हिताली क्लिच्को यांची लढत सांगितली. सहाव्या फेरीअखेर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर क्लिच्को पुढे होता, पण डाव्या डोळ्याभोवती झालेल्या जखमांमुळे डॉक्टरांनी लढत थांबवली आणि तो हरला.

“त्यानं लावलं न्हवतं व्हय ह्ये?”

व्यावसायिक मुष्टियुद्धात जेली लावल्यावाचून सहसा कोणी उतरत नाही, हे मला ठाऊक असल्यामुळे मी माऊथगार्ड पुन्हा तोंडात घातले.

माझे दुर्दैव असे, की शेजारी बसलेल्या एका कॉलेजकुमाराने वस्तादांना आयती कुमक पुरवली. मिश्र युद्धकलेत जेली फक्त चेहऱ्यावर चालते, अंगावर मुळीच नाही, कारण तिथे पकडीही असतात. २००९ साली जॉर्ज सेंट-पिएर आणि बी. जे. पेन यांच्या लढतीत दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत सेंट-पिएरच्या साथीदाराने चेहऱ्याला जेली लावलेलाच हात त्याच्या पाठीवर फिरवला आणि त्यावरून मोठा गहजब झाला. निकाल मात्र कायम राहिला. “मंग? मी काय म्हनतोय!” असे म्हणत वस्तादांनी मांडीवर थाप मारली. मुष्टियुद्धात मिठी पडली की पंच लगेच सोडवतात, तिथे पकडीचा प्रश्नच येत नाही, हा माझा मुद्दा माऊथगार्डमधून “उम्म्फ” एवढाच बाहेर आला. या पदार्थाचे पेटंट १८७२ साली घेणारा रॉबर्ट चेसब्रो रोज चमचाभर जेली खात असे असे सांगतात, आणि तो शहाण्णव वर्षे जगला. पण हे मी बोललो असतो तर वस्तादांनी ती मला तिथेच खायला लावली असती.

मला खरा राग आला तो यापुढच्या प्रकाराचा. बोलता बोलता वस्तादांनी टेबलावरचा व्हॅसलिनचा डबा मांडीवर घेतला, चप्पल काढली आणि दोन बोटे भरून आपल्या भेगाळलेल्या टाचेला शांतपणे चोपडले. मग उरलेले बोट डब्याच्या काठाला पुसून झाकण लावले. हा डबा सगळ्या वर्गाचा एकच. त्यात आधीच प्रशिक्षकांच्या बोटांनी खणलेला खड्डा आणि कोणाच्या तरी भुवईचे दोन केस होते. आता टाचेची भर पडली. पुढच्याच मिनिटाला प्रशिक्षकांनी त्यातूनच एका शाळकरी मुलाच्या कपाळाला लेप दिला. व्यावसायिक लढतीत हे काम कटमन, म्हणजे खेळाडूच्या जखमा सांभाळणारा माणूस, करतो. त्याच्याकडे सूज दाबायला थंडगार धातूचा तुकडा असतो, रक्त थांबवायला अ‍ॅड्रेनलिनचा बोळा असतो, आणि हे सगळे एका मिनिटाच्या विश्रांतीत उरकावे लागते. आमच्याकडे कटमन नाही, बोळा नाही. स्वच्छ चमचा ठेवायला तर खर्चही येत नाही, तरी तोही नाही. फीच्या पावतीवर मात्र ‘साहित्य शुल्क’ असा वेगळा रकाना आहे, आणि त्याची रक्कम दर तिमाहीला वाढते.

मी लढत संपल्यावर हे प्रशिक्षकांच्या कानावर घातले. त्यांनी वस्तादांकडे पाहिले, वस्तादांनी माझ्याकडे पाहिले, आणि दोघांनीही मला कॅरमच्या वर्गाची वेळ सांगितली.