मिथेनॉलसोबत सुखाने नांदण्याचे उपाय

अभिनंदन! तुमच्या विभागात मिथेनॉलचा ड्रम आलाय. पाण्यासारखं नितळ, झटकन वाळणारं, तेलाचा डाग एका फटक्यात उडवणारं आणि इथेनॉलपेक्षा, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलपेक्षा, स्वस्त. खरेदी विभागाने पैसे वाचवले, आता उरलेलं काम तुम्हा सुपरवायझर मंडळींचं. ते बिनबोभाट कसं पार पाडायचं, एवढंच सांगतो.

पहिलं काम म्हणजे त्याचं बारसं. मिथेनॉल म्हटलं की लोक शंका काढतात, म्हणून ‘स्पिरिट’ म्हणा, फार तर ‘थिनर’. ड्रमवरची कवटी आणि ज्वाळेची चित्रं डोळ्यांना खुपत असतील, तर माल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून घ्या. बाटल्यांवर चिठ्ठी नको, चिकटवायला वेळ जातो. सोबत आलेलं सोळा विभागांचं सुरक्षा माहितीपत्रक ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि किल्ली अशा माणसाकडे द्या जो रात्रपाळीला कधीच नसतो.

हवेतल्या वाफेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने २०० पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोनशे. ती मोजायला मीटर लागतो, मीटरला पैसे लागतात, आणि नाक तर प्रत्येकाला फुकट मिळालेलं आहे. वास आला तर खिडकी उघडायची, नाही आला तर सगळं ठीक! वास जाणवण्याआधीच प्रमाण मर्यादेपलीकडे गेलेलं असू शकतं, हे खरं. पण ज्याचा वास येत नाही त्याची तक्रार कोण करणार?

हातमोजे अवश्य द्या, फोटोत चांगले दिसतात. ते पातळ, एकदा वापरून फेकायचे असावेत. त्यांतून मिथेनॉल काही मिनिटांत आरपार जातं, त्यामुळे कामगाराला आपण उघड्या हातांनीच काम करतोय असा मोकळेपणा वाटतो. ब्युटिल रबराचे मोजे टिकतात म्हणे, पण ते महाग. मोजे न घालणाऱ्याला तर ओरडूच नका. बोळा भिजवायचा, पत्रा पुसायचा, परत भिजवायचा. हात कसा गारेगार होतो! थोड्या वेळाने बोटं पांढुरकी, कोरडी पडतात, कारण कातडीतलं तेलही पत्र्यावरच्या तेलाबरोबर निघून जातं. आणि तिथूनच थोडं मिथेनॉल रक्तात उतरतं. वाफ नाकातून, द्रव हातातून, दोन्ही दारं उघडी. मास्क मागितला तर धुळीचा द्या. वाफ त्याला जुमानत नाही, पण मागणाऱ्याचं समाधान होतं. (कार्बनच्या काडतुसाचा मास्कही मिथेनॉलपुढे लवकर हात टेकतो. बाहेरून हवा पुरवणारा लागतो, आणि त्याचं नाव काढलं की मीटिंग संपते.)

आगीचं फार मनावर घेऊ नका. साधारण ११ अंश सेल्सिअसलाच याची वाफ पेट घेण्याजोगी होते, म्हणजे बहुतेक शॉपफ्लोअर बारा महिने तयारच असतात. शिवाय ज्योत फिकट निळी. लख्ख उजेडात दिसतही नाही. न दिसणाऱ्या आगीने कोण घाबरतं?

आता याचा सर्वांत सोयीचा गुण सांगतो. हे रसायन तुमची शिफ्ट सांभाळून घेतं. यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक आम्ल, आणि हे आम्ल डोळ्याच्या नसेवर जाऊन बसतं. याला बरेच तास लागतात, कधी पूर्ण दिवस. तोवर माणूस पंच करून घरी पोचलेला असतो. डोकं दुखतं, मळमळतं, पोटात कळ येते. बायको म्हणते, पित्त झालं असेल. त्याने संध्याकाळी दारू घेतली असेल तर तुमचं भाग्यच. दारू हे रूपांतर रोखून धरते, लक्षणं आणखी लांबतात, आणि सगळा दोष बाटलीवर ढकलता येतो. दुसऱ्या दिवशी समोर बर्फ पडत असल्यासारखं पांढरं धुकं दिसू लागलं की तो डॉक्टरकडे जातो. डॉक्टर विचारतात, कामावर काय वापरता? तो सांगतो, स्पिरिट. बारशाचा उपयोग कळला ना? नाव वेळेवर कळलं असतं तर फोमेपिझोल हे उताऱ्याचं औषध होतं, डायलिसिस होतं.

२०१५-१६ मध्ये दक्षिण कोरियात मोबाइलचे ॲल्युमिनियमचे भाग कापणाऱ्या ठेकेदारी कारखान्यांत इथेनॉलऐवजी मिथेनॉल वापरलं, आणि तिथल्या तरुण कामगारांची दृष्टी गेली. तुमच्याकडे असं होणार नाही. तुमच्याकडे ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे प्रमाणपत्र आहे.

तरीही कोणी आरोग्य तपासणीचा हट्ट धरलाच, तर जरूर करा. लघवीतलं मिथेनॉल शिफ्ट संपताना तपासायचं असतं. तुम्ही नमुना सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी घ्या, कामाला हात लावायच्या आत. रिपोर्ट कसा स्वच्छ येतो बघा. त्याची प्रत काढून ऑडिटच्या फाइलला लावा, मूळ रिपोर्ट मात्र त्या कपाटात.