सायकल अंग चोरून चालवू नका

ऑफिसातल्या दोघांनी यंदा सायकलने यायचं मनावर घेतलंय. पहिला प्रश्न दोघांचाही एकच: कुठली घेऊ, गिअरची की साधी? अरे, घरात एक धूळ खात पडली असेल ना, तीच काढा. ब्रेकची रबरं बदला, हवा भरा, मागे लाल लाइट लावा. झालं.

खरा प्रश्न रस्त्याचा. कोथरूडहून शिवाजीनगरला मी गाडीवर कर्वे रस्त्यानेच जायचो. सायकलवर पहिल्याच दिवशी नळ स्टॉपला जीव मुठीत आला. आता एरंडवण्यातल्या गल्ल्या आणि प्रभात रोड. मोठा रस्ता ओलांडण्यापुरताच. थोडं लांब पडतं, पण डंपर नाहीत. तुम्हीही आपला रस्ता रविवारी सकाळी एकदा फिरून बघा. फक्त रविवारचा वेळ धरून सोमवारी निघू नका.

(सायकल ट्रॅक? 2017 साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. कागदावर शेकडो किलोमीटर आहेत. रस्त्यावर जो सापडतो त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात.)

आता मुद्द्याचं. नवा सायकलवाला हमखास डाव्या कडेला चिकटून, अंग चोरून चालवतो. मीही तेच करायचो. त्या कडेला असतं काय? चेंबरची झाकणं, वाळू, काचा आणि उभ्या गाड्या. एकदा प्रभात रोडवर अशाच एका गाडीचं दार फाडकन उघडलं. मी हँडल उजवीकडे ओढलं, दाराची कड बोटं सोलून गेली, मागचा स्कूटरवाला करकचून थांबला म्हणून वाचलो. गाडीतले काका म्हणतात, "बघून चालवायला काय होतं?"

तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून चांगलं मीटरभर लांब. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याला तुम्ही दिसलाय.

बसच्या डावीकडून मात्र कधीच घुसू नका. बस डावीकडे वळताना तिचं मागचं चाक कोपरा कापत येतं आणि ड्रायव्हरला तिथलं काही दिसत नाही. पहिल्या पावसात झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि चेंबरची झाकणं साबणासारखी होतात. त्यांवर ना वळायचं, ना ब्रेक दाबायचा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे टोपीसारखं सरकवलेलं नाही.

घामाचं म्हणाल तर ऑफिसात टॉवेल आणि दोन शर्ट ठेवलेत.

उद्या त्या दोघांतला एक माझ्याबरोबर निघतोय. त्याला म्हटलंय, मागे राहा, आणि मी जिथून चालवतो तिथूनच चालव.