कॅमेरा अवश्य बदलावा

आपल्या कपाटातला छोटा डिजिटल कॅमेरा अजून व्यवस्थित चालतो, हीच तो बदलण्याच्या मार्गातली खरी अडचण आहे. बिघडलेली वस्तू कोणीही बदलतो. धडधाकट वस्तू बदलायची तर घरात सांगता येईल असे कारण लागते, आणि ते आपल्या सोयीसाठी नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक आकड्यांत छापलेले असते. जुना 10 मेगापिक्सेलचा, नवा 20 चा, म्हणजे फोटो दुप्पट चांगला. पिक्सेल दुप्पट झाले तरी लांबी-रुंदीतला तपशील जेमतेम 1.4 पट वाढतो आणि चार बाय सहा इंची छापील फोटोला 2 मेगापिक्सेलच्या वर फारसे लागत नाही, असे कोणी सांगू लागल्यास त्याला चहा विचारावा. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्ये तयार केलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात 0.01 मेगापिक्सेल होते. त्याच्यापुढे आपला जुना कॅमेरा हजारपट भरतो, म्हणून ही तुलनाही टाळावी.

सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या तुकड्याची, चौकशी तर मुळीच करू नये. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तो सुमारे 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा, म्हणजे भिजलेल्या साबुदाण्याच्या दोन दाण्यांएवढा असतो. त्याच जागेत एक कोटीऐवजी दोन कोटी पिक्सेल बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्माच उजेड येतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना समजावून सांगावे लागू नये. चौपट क्षेत्रफळाचा, ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सरही मिळतो (तो कोणत्याही बाजूने इंचभर भरत नाही, हे सोडा). पण त्याची किंमत ऐकल्यावर साबुदाणाच बरा वाटतो.

नव्या कॅमेऱ्याची परीक्षा इंदूरकराने सराफ्यातच घ्यावी. सोन्याचांदीची दुकाने बंद होऊन खाण्याची लागली, की दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणाऱ्यासमोर उभे राहावे आणि द्रोण वर जाताच बटण दाबावे. मी हे अकरा वेळा केले. फोकस जमवून चित्र टिपेपर्यंत कॅमेऱ्याने घेतलेल्या वेळात द्रोण खाली आलेला असे. माझ्यापाशी एका सद्गृहस्थाच्या रिकाम्या तळहाताचे अकरा फोटो आहेत, आणि त्याच्या रेषा स्पष्ट आल्या आहेत, हे कबूल केले पाहिजे. पुढे भुट्ट्याच्या किसाचा फोटो काढला. फ्लॅशने आधी वाफच पांढरीफटक केली. फ्लॅश बंद केल्यावर अंधारातले ठिपके पुसण्याच्या भरात कॅमेऱ्याने किसाचा रवाही पुसला, आणि घरी सर्वांनी ते पिठले म्हणून ओळखले.

झूमबद्दल एवढेच सांगतो की राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरचे कबूतर जवळून पाहण्याची निकड आयुष्यात क्वचितच येते. डिजिटल झूम म्हणजे तर निव्वळ कातरकाम. ते घरी बसूनही होते.

एवढे करूनही कारण सापडत नसेल, तर रंगपंचमीची वाट पाहावी. गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, निघाली, की तोफांतून उडणाऱ्या गुलालाखाली उभे राहून भिंग चार-पाच वेळा आतबाहेर करावे. भिंगाची ती सरकती नळी गुलाल आत ओढून घेते, आणि भिंग काढता येत नसल्यामुळे तो सेन्सरवर बसला तर घरी पुसता येत नाही. त्यानंतर आपल्या प्रत्येक आकाशात एक डाग उगवेल, आणि तो दाखवल्यावर घरातही कोणी हरकत घेणार नाही.

मी मात्र तेवढा धीर धरला नाही. नवा कॅमेरा आणला, आणि जुना कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने मागून नेला. तिच्या मैत्रिणींत सध्या अशाच जुन्या कॅमेऱ्यांच्या फोटोंची चलती आहे; फोनमधले फोटो म्हणे फार स्वच्छ येतात. परवा तिने गणपतीतले फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांनी ते नव्या कॅमेऱ्याचे समजून माझे अभिनंदन केले. मी आभार मानले. तो जुना परत मागावा असे फार मनात आहे, पण काका, बदल्यात नवा देता का, असे तिने विचारले तर काय सांगावे, ते अजून ठरलेले नाही.