छप्पर तसंही बदलायचंच आहे

इथे अमेरिकेत आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने उगवतो. सार असं: 'स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) शिकवावं, हवामानबदलासाठी शाळांच्या इमारती सुधारण्याच्या फंदात पडू नये. उकाड्यात सुट्टीच असते. फार तर एसी लावा. आपल्या भागात पूर-वणवे येत नाहीत. आणि हा सगळा पैसा शिक्षकांच्या पगारातून जातो.' वाचताना पटतं, म्हणून तर फिरतं.

सुट्टीचं आधी बघू. बऱ्याच शाळा जूनच्या मध्यापर्यंत चालतात, तर बऱ्याच ऑगस्टमध्येच पुन्हा भरतात. सप्टेंबर 2023 मध्ये फिलाडेल्फियात सत्तरहून जास्त शाळा उकाड्यामुळे लवकर सोडाव्या लागल्या, कारण पुरेसे एसी नव्हते. 2020 साली सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या पीसॅट (कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेची पूर्वपरीक्षा) गुणांवरून झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एसी नसलेल्या शाळेत वर्ष एक अंश फॅरनहाइटने जास्त तापलं, की त्या वर्षीचं शिकणं साधारण एक टक्क्याने घटतं, असं त्यात दिसलं. ज्यांना फक्त शिकवण्याशी मतलब आहे, त्यांनीच खरं तर वर्गातला थर्मामीटर बघायला हवा.

एसीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. त्याच अभ्यासात एसीमुळे हे नुकसान जवळपास भरून निघालेलं दिसतं. पण 'लावा' म्हणणं सोपं. माझ्या मुलीचा वर्ग वरच्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून. खिडकीत एसी बसवला आहे, पण शेजारच्या वर्गातला चालू केला की ब्रेकर पडतो. मग दोन्ही शिक्षिकांनी वेळ वाटून घेतली: इकडे अकरापर्यंत, तिकडे नंतर. ऊन पश्चिमेला येतं दुपारी, हे वाटणी करताना कुणाच्या लक्षात आलं नाही! जुन्या इमारतीचं वायरिंगच तेवढा भार पेलत नाही. संघीय सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2020 मध्येच सांगितलं होतं की 41 टक्के डिस्ट्रिक्टमध्ये किमान निम्म्या शाळांची हीटिंग-कूलिंग यंत्रणा सुधारावी किंवा बदलावी लागेल. शिवाय खिडकीतला एसी वणव्याचा धूर गाळत नाही. जून 2023 मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर आला, तेव्हा तिथल्या शाळांचा एक दिवस ऑनलाइन गेला.

त्या धुराने 'आपल्या भागात' या शब्दांतलाही दम काढलाच. पण नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या अ‍ॅशव्हिलचं उदाहरण जास्त बोलकं आहे. डोंगरातलं, समुद्रापासून लांबचं शहर. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुरात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य जलवाहिन्या वाहून गेल्या आणि शाळा सुमारे महिनाभर बंद राहिल्या. इमारती उभ्या होत्या, पण संडासात पाणी नाही. शेवटी शाळांच्या आवारात बोअरवेल खोदाव्या लागल्या.

राहिला पैसा. शाळेच्या इमारतीसाठी मतदारांनी मंजूर केलेल्या बॉन्डची, म्हणजे कर्जरोख्यांची, रक्कम सहसा पगाराला वापरताच येत नाही. ते दोन वेगळे खिसे आहेत. 2022 च्या कायद्याने कर न भरणाऱ्या डिस्ट्रिक्टलाही सौरऊर्जा आणि भूऔष्णिक हीट पंपाची (जमिनीतल्या तापमानाच्या आधारे इमारत गरम-थंड करणारी यंत्रणा) करसवलत थेट रोख मिळू लागली. 2025 मध्ये त्यातल्या सौरऊर्जेच्या सवलतीची मुदत बरीच आखडली, हेही खरं. मला खरी अडचण वेगळीच वाटते. देशात सुमारे 13,000 डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांतल्या कित्येक छोट्या ठिकाणी अनुदानाचा अर्ज भरायलाही वेगळा माणूस नाही. त्यांना हवामानावरचं व्याख्यान नकोय. बॉयलर आणि छप्पर कधी बदलायचं आहे याची यादी करून देणारा, अर्ज भरून देणारा कुणीतरी हवाय.

आमच्या शाळेचं छप्पर पुढच्या बॉन्डमध्ये आहे. काळं घालायचं की ऊन परतवणारं पांढरं, हा विषय अजून बोर्डाच्या अजेंड्यावर आलेला नाही. मी मागणी पाठवली आहे.