‘रडके नको’ म्हणणाऱ्या मैत्रिणीसाठी

आज सकाळी ॲरिझोनात राहणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा निरोप आला. तिच्या वाचनगटाने या वेळी स्थलांतर आणि सीमेवरचे जगणे हा विषय घेतला आहे, तेव्हा मी दोनचार पुस्तके सुचवावीत, असे तिने लिहिले होते. इथवर सारे ठीक होते. पुढे मात्र दोन अटी होत्या: पुस्तक रडके नको, आणि बेकायदा घुसणाऱ्यांची कड घेणारे नको, कारण ‘आपण सगळे रांगेत उभे राहून आलो आहोत’. हे वाचल्यापासून माझे डोके फिरले आहे. उत्तर इथेच लिहिते. तिला तसे कळवले आहे आणि ‘मला ठाऊकच होते’ असे ती म्हणाली आहे.

मागे तिच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही दोघी मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेसहून टूसॉनकडे परतत होतो. सीमा केव्हाच मागे पडली होती, तरी महामार्गावर ट्यूबॅक गावाजवळ सीमा गस्ती दलाचा तपासणी नाका लागला. मैत्रिणीने एका हाताने पर्समधले ग्रीन कार्ड चाचपले, माझा पासपोर्ट मागून घेतला, आणि जवान खिडकीशी येण्याआधीच आपण सरकारी कचेरीत बाळगतो ते हसू चेहऱ्यावर आणले. आम्हाला लगेच सोडले. पुढच्या पिकअपमधल्या दोघांना मात्र उतरवून बाजूला उभे केले होते. नाका ओलांडल्यावर ती म्हणाली, ‘आपले कागद चोख आहेत, आपल्याला कसली भीती?’ भीती नव्हती तर कार्ड का चाचपलेस, हे आज विचारते.

म्हणून पहिले पुस्तक व्हॅलेरिया लुइसेली यांचे ‘टेल मी हाऊ इट एंड्स’. शंभरसव्वाशे पानांचे आहे, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालणार नाही. या मेक्सिकन लेखिकेने न्यूयॉर्कच्या स्थलांतर न्यायालयात एकट्याने सीमा ओलांडून आलेल्या मुलांसाठी दुभाष्याचे काम केले, आणि त्या मुलांना विचारल्या जाणाऱ्या ४० प्रश्नांभोवती हे पुस्तक रचले. त्या स्वतः तेव्हा ग्रीन कार्डची वाट पाहत होत्या. २०१४ च्या उन्हाळ्यात कुटुंबासह मोटारीने नैर्ऋत्येकडे जाताना गस्तीवाल्यांनी त्यांनाही अडवले होते. तुझ्या-माझ्या नाक्यावरचा तो प्रसंग त्यांनी आपल्याआधीच लिहून ठेवला आहे. फरक एवढाच की सुटल्यावर त्या मागे वळून पाहतात.

आता रांगेविषयी. ग्रीन कार्डांच्या वार्षिक कोट्यातून कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक व्हिसा नाहीत या नियमापायी तुमची वर्षानुवर्षे रखडपट्टी झाली, हा अन्यायच आहे, मान्य. पण एल साल्वादोरमधल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी रांग कुठे लागते, ते मला दाखव. हाव्हिएर झामोरा हा तो मुलगा. आईवडील आधीच कॅलिफोर्नियात. १९९९ मध्ये आजोळ सोडून तो दलालासोबत निघाला, दोन आठवड्यांचा म्हणून सांगितलेला प्रवास दोन महिने चालला, आणि वाटेत भेटलेली एक बाई, तिची मुलगी आणि एक तरुण हेच त्याचे घर बनले. ‘सोलितो’ हे त्याचे आत्मकथन २०२२ मध्ये आले. ते रडके मुळीच नाही. रडू आले तर ते तुझे असेल.

खरे संतापायचे असेल तर लुइस अल्बर्टो उरेआ यांचे ‘द डेव्हिल्स हायवे’ वाच. मे २००१ मध्ये तुझ्याच राज्याच्या वाळवंटात वाट चुकलेल्या जथ्यातील चौदा जण पाण्यावाचून मेले, त्यांची ही हकिगत आहे. हे लोक मुळात वाळवंटात का शिरले, याचे उत्तर जेसन डे लिओन यांच्या ‘द लँड ऑफ ओपन ग्रेव्ह्ज’मध्ये मिळते: १९९४ पासून गस्ती दलाने शहरांलगतची सीमा आवळली आणि उरलेले काम उन्हावर सोपवले. धोरण म्हणून, कागदावर आखून! आणि आपण वातानुकूलित गाडीत बसून कागद चोख असल्याचे समाधान मानतो.

गस्तीवाल्यांची बाजूही हवी असेल तर फ्रान्सिस्को कांटू यांचे ‘द लाइन बिकम्स अ रिव्हर’ आहे. त्यांनी स्वतः ती नोकरी केली आहे. पुस्तक चांगले आहे, हे काहीशा नाइलाजाने लिहिते. मेक्सिकन स्थलांतरितांवरची २०२० ची ती गाजलेली कादंबरी ‘अमेरिकन डर्ट’ मात्र गटात कोणी सुचवलीच तर प्रकाशकाच्या मेजवानीत टेबलांवरच्या फुलांभोवती काटेरी तारेची सजावट केली होती, एवढे सांग आणि पुढच्या पुस्तकाकडे वळ.

‘आपण’ म्हणजे कोण, हेही एकदा ठरव. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातून हातापायांत बेड्या घालून आणलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातलेही होते. आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवतात का? इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतल्या या माणसाला मायदेशी येण्याची सोय नव्हती, तेव्हा आसरा दिला तो मेक्सिकोने. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवायला घेतले, चित्रकार दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात रंगवले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इंग्रजीत आहे. तुमच्या गटातल्या अमराठी मंडळींनाही वाचता येईल.

फार चिडून लिहिले. तुझे आईवडील आजारी असताना व्हिसाच्या कागदांपायी तुला येता आले नव्हते, तेव्हा फोनवर तू किती रडली होतीस ते मी विसरलेले नाही. त्या नाक्यावर कार्ड चाचपणारा हात त्याच वर्षांनी घडवला असावा, हेही मला कळते. म्हणूनच ही पुस्तके तुला सुचवते आहे. ज्याला काहीच झळ लागली नाही अशा माणसाला मी यादी पाठवण्याचे कष्ट घेतले नसते.

‘सोलितो’पासून सुरुवात कर, लुइसेली शेवटी ठेव. चर्चेची वेळ कळव. तुमची संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ, मी चहा घेऊन कॅमेऱ्यासमोर बसेन. रांगेचा मुद्दा कोणी काढणारच असेल तर तो तूच काढ, कारण त्या गटात मनसोक्त भांडता येईल अशी माझी तेवढी तूच आहेस.